टायर, काळी आणि कुसाबाहेरची भुई

टायर म्हटला की आपल्या पोरांना बंद आठवतो. नाक्यावर आडवा टाकलेला ट्रकचा टायर, वरून रॉकेल, एक काडी. तासभर काळा धूर, मग पोलिसांची गाडी, मग चार पोरांवर केस आणि पुढची पाच वर्षं कोर्टाच्या तारखा. टायर जळून जातो, त्याच्या तारांचं भेंडोळं तेवढं रस्त्यात उरतं. रस्ता मात्र तोच, तसाच.

आज बोलायचंय ते त्या रस्त्याखालच्या मातीबद्दल. टायर पेटवायच्या ऐवजी कातरून मातीत घातला तर माती मजबूत होते, असं इंजिनियर लोक सांगतात. जगभर त्यावर प्रयोग झालेत. आपल्याकडच्या इंजिनियरिंग कॉलेजांतही पोरं यावर प्रोजेक्ट करतात. हा विषय साहेबांचा, चळवळीचा नव्हे, असं ज्याला वाटत असेल त्याने येत्या दिवाळीला गावी गेल्यावर वस्तीतल्या घरकुलाच्या भिंती जरा निरखून बघाव्यात. खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी गेलेली भेग बघावी. ती भेग राजकीय आहे.

बारामती आणि इंदापूर. पुणे जिल्ह्याचं आग्नेय टोक. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा, खाली नरसिंहपूरला दोघी भेटतात. खाली काळा कातळ आणि त्या कातळाची युगानुयुगं झीज होऊन झालेली काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पत्त्यांच्या कॅटासारखे त्याचे अतिबारीक पापुद्रे. पाऊस पडला की दोन पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं, कॅट फुगतो. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, कॅट आकसतो आणि भुई भेगाळते. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा भेगा. वर्षातून एकदा वर, एकदा खाली. कवी लोक म्हणतात जमीन श्वास घेते. घेऊ दे की! पण तिच्या छातीवर ज्याचं घर आहे त्याच्या जोत्याचं काय?

जुन्या गावगाड्याला हे चांगलं ठाऊक होतं. त्याने गावची सगळी जमीन दोन शब्दांत वाटून टाकली होती. शेताची ती काळी, घरांची ती पांढरी. पीक काळीत, माणूस पांढरीत. पांढरी बहुधा उंचवट्यावर, भिंत धरून ठेवणारी. आणि आपण? काळीचे मालक आपण नाही आणि पांढरीतही आपल्याला जागा नाही. कुसाबाहेर. गावाचं पाणी जिकडं उतरतं तिकडं, ओढ्याच्या अंगाला. माणसानं कुठं राहायचं हे जातीनं ठरवलं तेव्हा त्याच्या पायाखालची मातीही जातीनंच ठरवली. गावगाड्यावर लिहिणारे विद्वान महारवाड्याची दिशा सांगतात, वारा कुठून वाहायचा ते सांगतात. मातीचा फुगवटा कोणी मोजलेला नाही.

बरं, ही माती कोणी तपासलीच नाही म्हणावं तर तसंही नाही. १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी मुंबई इलाख्याच्या नव्या सारा-पाहणीला हात घातला तो याच इंदापूर तालुक्यात. काळी, तांबडी, बरड असे मातीचे प्रकार पाडले. किती हात खोल, कोणता दोष, त्याची आण्यात किंमत. कशासाठी? सारा वसूल करायला. पुढं १८७६-७७ चा दुष्काळ झाला, नीरेचा डावा कालवा आला, १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून जमिनी पाणथळ, खारवट व्हायला लागल्या. १९१० साली शेतीखात्याच्या हॅरोल्ड मॅन यांची नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सरकारी पुस्तिका निघाली. कशासाठी? बागायत वाचवायला. पुणे-सोलापूर हायवे चौपदरी करताना मातीची तपासणी होतेच, तो नियमच आहे. सारा, ऊस, हायवे. मांगवाड्यातल्या किंवा बौद्धवाड्यातल्या एका भिंतीसाठी मातीचा एक डबा लॅबोरेटरीत गेलेला कोणी पाहिलाय?

१९७२ च्या दुष्काळात रोजगारावर खडी कोणी फोडली ते आपल्या आयांना विचारा. रस्ते बांधणारे हात आणि रस्ता नसलेल्या वस्त्या यांचं नातं या राज्यात जुनं आहे.

उपाय नव्हता असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत डॉ. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर कित्येक वर्षं काम केलं. मुरुमासारख्या न फुगणाऱ्या पण घट्ट बसणाऱ्या मातीचा साधारण मीटरभर थर वरून दाबून बसवला की खालच्या काळीचा फुगवटा आवरतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कालव्यांच्या अस्तराला ते वापरलं गेलं. रुडकीच्या सरकारी संशोधन संस्थेने खालच्या टोकाला कांद्यासारखा फुगा असलेला पाया काढला. तो सुमारे साडेतीन मीटर खाली, जिथं माती हलत नाही तिथं जाऊन बसतो. हे सगळं दशकांपूर्वीचं. म्हणजे विद्या होती. ती कालव्याला मिळाली, सरकारी इमारतींना मिळाली. २०१६ साली केंद्राच्या घरकुल योजनेने सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि २५ चौरस मीटर जागा ठरवली. रमाई योजनेच्या घराची ऐपतही त्याच मापातली. या पैशात साडेतीन मीटर खोल पाया कोण घालणार? मग फूट-दोन फूट चर खणायचा, दगड भरायचे, जोतं उचलायचं. पहिल्या पावसात माती ते जोतं खरंच उचलते, पण एका कोपऱ्यातून.

आता टायर. या पट्ट्यात टायर हा शब्द फक्त रबरासाठी नाही. साखर कारखान्याच्या भाषेत माणसाचंही नाव टायर. बैलजोडी आणि रबरी चाकाची गाडी घेऊन जे कुटुंब ऊस तोडतं आणि वाहतं त्यांच्या तळाला टायर सेंटर म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे कोयता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, या कारखान्यांच्या हंगामात दूरच्या जिल्ह्यांतून माणसं येतात आणि रजिस्टरात टायर नाहीतर कोयता होतात. आपल्या जातींनी टायर आणखी कुठं कुठं वापरला? पाल उडू नये म्हणून छपरावर ठेवला. कातड्याचा तळ परवडेना म्हणून रापीने टायर कापून चपला शिवल्या. रबर कापायची विद्या इंजिनियरिंग कॉलेजात शोधायची गरज नाही, ती चांभारवाड्यात आणि ढोरवाड्यात आहे. तिला पेपर म्हणत नाहीत, एवढंच.

झिजलेला टायर कुजत नाही. १८३९ साली गुडइयरने रबर गंधकात तापवलं आणि त्याला चिवटपणा दिला, तो चिवटपणाच आता गळ्याशी आलाय. एकदा-दोनदा रिमोल्ड होतो, मग भंगारात. ढिगात पावसाचं पाणी साठतं, डास होतात, डेंग्यू होतो, आणि ढीग वस्तीच्याच कडेला असतो, बंगल्याच्या नाही. नाहीतर टायर जळतो. शेजारच्या दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांच्या चुलाणात टायर आणि प्लास्टिक जाळल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होतायत. ठाणे-पालघरकडे वाड्याला टायर बंद भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने आहेत. तिथं काम करणारा माणूस संध्याकाळी दात सोडून सगळा काळा असतो. ती काजळी फुप्फुसातही जाते.

म्हणून टायर कातरून मातीत घालायची कल्पना मला मोलाची वाटते. त्यात जादू काही नाही. आपली आजी भिंत लिंपायच्या मातीत भुसकट कालवायची ते कशासाठी? माती वाळताना तडकू नये म्हणून. भुसकटाची काडी भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवते. फ्रान्सच्या हेन्री विदाल नावाच्या इंजिनियरने १९६० च्या दशकात मातीत पट्ट्या घालून ती मजबूत करायचं पेटंट घेतलं. आजीला पेटंट कोण देणार! टायरचा तुकडा तेच काम करतो. ओढ सहन करतो, फुगत नाही, कुजत नाही, आणि मातीच्या निम्म्याहून कमी वजनाचा असतो. काळ्या मातीत तो मिसळला की फुगणाऱ्या मातीचा वाटा तेवढा कमी होतो आणि उरलेलीला मधे मधे आधार मिळतो.

मातीची ताकद मोजायचं रस्तेवाल्यांचं माप म्हणजे सीबीआर. माती साच्यात दाबायची, चार दिवस पाण्यात भिजवायची, मग ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी दांडा तिच्यात दाबायचा आणि खडीच्या तुलनेत ती किती टिकते ते बघायचं. खडी १०० धरली तर भिजलेली काळी माती पुष्कळदा २ ते ४ वर येते. शंभरात दोन-चार मार्क! अशा मातीवर टायरचे तुकडे वजनाने ५ ते १० टक्क्यांच्या आसपास घातले तर ताकद वाढते, फुगवटा उतरतो, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. त्यापुढं घातले तर माती गादीसारखी दबायला लागते. आणि रबर मातीचा स्वभाव बदलत नाही, तो बदलतो चुना. म्हणून चुना किंवा राख यांच्या जोडीनं टायर जास्त कामाचा. राख आपल्याकडं कमी आहे का? साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून बगॅसची राख हंगामभर निघते. आपल्या माणसांनी तोडलेल्या उसाचीच ती राख.

एक साधा हिशेब मांडतो. वस्तीचा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद. खालची ३० सेंटीमीटर माती सुधारायची. झाली ९० घनमीटर. घट्ट दाबलेली माती घनमीटरला दीड टन धरा, १३५ टन. पाच टक्के म्हणजे पावणेसात टन रबर. ट्रकचा टायर ५० किलोचा धरला तर १३५ टायर. इंदापूर-भिगवणच्या हायवेवरच्या पंक्चरवाल्यांकडे आणि भंगारवाल्यांकडे तेवढे गोळा करायला काय लागतं?

आता दुसरी बाजू, कारण आपल्या वस्त्यांवर प्रयोग करायला सगळेच टपलेले असतात. उद्या एखादा गुत्तेदार नाहीतर समाजसेवक येईल आणि सांगेल, घरकुलाच्या पायाखाली टायर भरू, स्वस्तात होईल. त्याला वेशीवरूनच परत पाठवा. टायरचा तुकडा दबतो. रस्त्याला ते थोडंफार चालतं, भिंतीला चालत नाही. घराखाली काळी उकरून मुरुम भरायचा, पावसाचं पाणी जोत्यापासून लांब न्यायचं, पैसे असतील तर खोल पाया घालायचा. टायरचं काम रस्त्याखाली, भरावात, पाण्याचा निचरा करणाऱ्या चरात. नुसते तुकडे भरले तर त्यातून पाणी खडीसारखं वाहून जातं, हा त्याचा खरा गुण.

तेही मर्यादेत. अमेरिकेत १९९५ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात दोन ठिकाणी टायरच्या तुकड्यांचे रस्त्याचे भराव आतल्या आत तापून पेटले, कोलोराडोत एक भिंत तशीच तापली. तारा गंजताना उष्णता निघते, जाड थरात ती कोंडते. आठ मीटरहून जाड भराव होते ते. त्यानंतर थर तीन मीटरच्या आत ठेवायचा असं ठरलं आणि १९९८ साली त्यावर अमेरिकेचं प्रमाणपत्रक निघालं. दुसरी गोष्ट पाण्याची. टायरमधून जस्त उतरतं, तारांमधून लोह आणि मँगेनीज. टायरमधलं एक रसायन हवेतल्या ओझोनने बदलून सॅमन जातीचे मासे मारतं, हे २०२० साली सिद्ध झालं. कालव्याखालच्या पट्ट्यात भूजल हातभर खाली असतं आणि वस्तीचा हातपंप तिथंच. तेव्हा पाणी लागतं त्या खोलीला टायर नको, विहिरीजवळ नको, ओढ्यात तर नकोच. पाटलाच्या विहिरीजवळ तो कोणी टाकणार नाहीच, म्हणून ही अट आपणच लिहून घ्यायची.

आणि कातरायचं कोणी? पेपरात फक्त लिहिलेलं असतं, टायरचे तुकडे घेतले. घेतले कुठून? ट्रकच्या टायरमध्ये पोलादी तारा असतात. हातसुरीला साबणाचं पाणी लावून तो कापताना तार बोटात घुसते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन स्वतःच्या पैशानं घ्यावं लागतं. सफाई आपली, भंगार आपलं, मेलेलं ढोर आपलं, आता मेलेला टायरही आपला? कातरायचं मशीन, हातमोजे, तोंडाला मास्क, महिन्याचा पगार आणि विमा असेल तर आपली पोरं हे काम करतील आणि छाती काढून करतील. नसेल तर करणार नाहीत. जात जाऊन धंदा तेवढा टिकला तर ती जात गेलेलीच नाही.

पैसा नाही ही थाप आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने नियम केला की टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची विल्हेवाट लावायची जबाबदारी आहे. त्यांनी ती स्वतः करायची नाही, विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्याकडून सर्टिफिकेट विकत घ्यायचं. रिक्लेम रबर, रबराचा चुरा, डांबरात घालायचं रबर, भट्टीतलं तेल, अशी त्यात यादी. तेल काढून काजळी उडवणाऱ्यालाही सर्टिफिकेट मिळतं. वस्तीच्या रस्त्याखाली घातलेल्या तुकड्यांना त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. ती मागितली पाहिजे. बचतगटानं नाहीतर मजुरांच्या सोसायटीनं कातरण काढावं आणि सर्टिफिकेटचा पैसा थेट तिच्या खात्यात यावा. ही मागणी मोर्चात घोषणा म्हणून द्यायला अवघड आहे, मान्य. यमक जुळत नाही.

वस्ती सुधारणेचा निधी येतो. पूर्वी त्याला दलित वस्ती सुधार योजना म्हणायचे. त्यातून बहुधा काँक्रिटचा रस्ता होतो. काळ्या मातीवर पातळसा मुरुम पसरायचा, न पसरता पसरला म्हणायचा, वर सहा इंच काँक्रिट, उद्घाटनाला फेटा. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी मधोमध फाटते. लोक म्हणतात सिमेंट खाल्लं. सिमेंट खाल्लंच असेल, पण त्याआधी माती खाल्ली. सबग्रेड खाली जातं, झाकलं जातं, आणि झाकलं जातं तिथंच सगळ्यात जास्त खाल्लं जातं.

म्हणून टायर पेटवायचाच असेल तर जरूर पेटवा, पण त्याआधी तालुक्याला जा. वस्तीच्या रस्त्याची वर्क ऑर्डर निघाली की २००५ च्या माहितीच्या अधिकारात मातीचा भिजवलेला सीबीआर मागा, फुगवट्याची चाचणी मागा, सबग्रेडचं एस्टिमेट मागा. चाचणी केली नाही असं लेखी उत्तर आलं तर तो कागद जपून ठेवा. बिल थांबवायला तो पेटत्या टायरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि बारामती-इंदापूरच्या कॉलेजांत आपली जी पोरं-पोरी स्कॉलरशिपवर सिव्हिलला शिकतायत त्यांना एक सांगणं आहे. शेवटच्या वर्षाला तुम्हाला प्रोजेक्ट करावाच लागतो. गाईड म्हणेल काळ्या मातीचा नमुना आणा, आणि तुम्ही कॉलेजच्या मागच्या शेतातून आणाल, कारण ते जवळ आहे. तसं करू नका. नमुना वस्तीतला आणा, आईच्या जोत्याच्या कडेचा, मीटरभर खोल खणून. एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये. रिपोर्टाच्या पहिल्या पानावर नमुना घेतल्याची जागा लिहायची असते, तिथं वस्तीचं नाव लिहा. त्या रिपोर्टची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत आवक नंबर टाकून द्या आणि एक आम्हाला पाठवा.